पाठ पुढे, लेकरं मागे

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतली दोन एकाखाली एक आली आहेत: ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत अजमावून त्याला गरजेप्रमाणे जादा शिकवायचे. कायदा लिहिणाऱ्यांना या दोन्हींत विरोध दिसला नसावा. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला तो ऑगस्ट उजाडता उजाडता दिसतो. मासिक नियोजनात पाचवा पाठ आलेला असतो आणि निम्मी लेकरं अजून दुसऱ्या पाठातल्या शब्दांशी झटत असतात. मग कोणते कर्तव्य आधी? व्यवहारात पहिलेच जिंकते, कारण त्याची नोंद होते. टाचणवहीत तारीख पडते, घटक चाचणीचा दिवस ठरलेला असतो, आणि केंद्रप्रमुख आले की ‘किती पाठ झाले’ हे एका दमात विचारता येते. कुणाला किती कळले, याचे उत्तर एका दमात देता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की पहिली ते तिसरीत भाषा शिकवताना हा क्रम उलटा हवा. पाठाची मुदत लेकरू कुठे पोहोचले आहे यावरून ठरावी. यात दयामाया काही नाही. पाचवीचा अभ्यासक्रम पाचवीत संपावा असे ज्याला वाटते, त्याने पहिलीत थांबायला शिकले पाहिजे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे जास्त खरे आहे, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूर या तालुक्यांना तेलंगणाची हद्द लागून आहे आणि अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे बीदरची कन्नड येते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी आहे, मुखेड, कंधार, जळकोटकडच्या तांड्यांवर गोरमाटी आहे, नांदेड शहरात आणि उदगिरात उर्दू व दखनी आहे. उर्दूची निदान स्वतःच्या माध्यमाची शाळा असते. गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला मराठी शाळेखेरीज पर्याय नसतो. मराठी घरातले लेकरूही ‘जायलाय’, ‘करायलेत’ असे बोलत शाळेत येते आणि पुस्तकात ‘जात आहे’, ‘करत आहेत’ वाचते. त्याला तेवढा पूल सहज ओलांडता येतो. तेलुगू आणि कोलामी घरातल्या लेकरापुढचे काम वेगळे आहे. तेलुगूच्या रोजच्या देशी शब्दांत ख, घ, छ, झ, थ, ध असे महाप्राण फारसे नसतात आणि कोलामीत ते मुळातच नाहीत. त्यामुळे ‘काट’ आणि ‘खाट’ यांतला फरक त्या कानाला सुरुवातीला जाणवतच नाही. श्रुतलेखनात त्याने क लिहिला तर तो निष्काळजीपणा नसतो, त्याने जे ऐकले तेच त्याने लिहिलेले असते. तीच गत लिंगाची. पेन तो, वही ती आणि पुस्तक ते, हे मराठी घरात आपोआप येते. ज्याच्या घरच्या भाषेत निर्जीव वस्तू सगळ्या एकाच गटात पडतात, त्याला हे शब्दागणिक शिकावे लागते. एकाच तासिकेत, एकाच पाठावर, एकाच बाकावर बसलेली दोन लेकरं अशी दोन वेगवेगळी कामे करत असतात, आणि वेळ मात्र दोघांना सारखा मिळतो.

यात एक फसगत नेहमी होते. मैदानावर मराठीत भांडणारे, खो-खोत ओरडणारे लेकरू पाहून शिक्षकाला वाटते, याला मराठी येते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हा भेद मांडला. रोजच्या बोलण्यापुरती दुसरी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते; धडा समजून घेण्याची, कारण सांगण्याची, लिहिण्याची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे पहिलीत मराठीशी गाठ पडलेले कोलामी लेकरू अभ्यासाच्या मराठीत स्थिरावायला किमान सहावी उजाडणार. तोवर त्याच्या वाट्याला ‘लक्ष देत नाही’ हा शेरा येतो. शेरा मारणारा शिक्षक वाईट नसतो. समोरच्या मुलाला बोलताना ऐकलेले असते, म्हणून त्याची अडचण भाषेची असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

भाषा घरचीच असली तरी लिपी आपला वेळ घेतेच. देवनागरी उच्चाराला इमानदार आहे, लिहिले तसे वाचता येते, याचा आपल्याला अभिमान असतो. पण या इमानदारीची किंमत संख्येत मोजावी लागते. चौतीस व्यंजने आणि बारा स्वरचिन्हे धरली तर नुसत्या बाराखडीची रूपे ४०८ होतात. अॅ आणि ऑ मिळवले की चौदाखडी, आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. इंग्रजीच्या २६ अक्षरांशी तुलना करून ‘अक्षरओळख पहिलीत संपलीच पाहिजे’ असे म्हणणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच, व्यंजनाला मात्रा लावत जाणारी. त्या अभ्यासात अक्षरे पक्की होण्याची क्रिया चौथीपर्यंत चालू असलेली दिसली. पुढे २०१३ नंतर पालघर जिल्ह्यातील वाडा येथे मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा असा एक अभ्यास पहिली ते तिसरीच्या मुलांबरोबर तीन वर्षे चालला. यादगीर म्हणजे आपल्यासारखाच एकेकाळचा निजामी मुलूख. तिथेही चित्र हेच, की लिपी शिकवण्यावर वर्गाचा बहुतेक वेळ जातो आणि तिसरी संपताना कित्येक मुलांना सलग वाचता येत नाही. इथे गतीचा प्रश्न क्रमाच्या प्रश्नात मिसळतो. आधी सगळे स्वर, मग सगळी व्यंजने, मग बाराखडी, या जुन्या क्रमात लेकरू महिनोन्‌महिने अक्षरे घोकते आणि त्याच्या ओळखीचा एकही शब्द त्याला वाचता येत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यातील सोनाळे येथे क्वेस्ट संस्थेने जो मार्ग घेतला, त्यात थोड्याच अक्षरांचा एक गट आणि त्याबरोबर एखादी मात्रा अशी सुरुवात होते. म, क, र, ल आणि काना एवढे आले की मामा, काका, राम, कमल, माल हे शब्द वाचून होतात. आठवड्याला अक्षरे कमी झाली, पण वाचन सुरू झाले. नियोजनाच्या तक्त्यावर हा शिक्षक मागे पडलेला दिसेल.

संथपणाचेही वेगवेगळे प्रकार असतात, हे इथेच सांगायला हवे, कारण ‘मुलाच्या गतीने’ या शब्दांच्या आडोशाला बरीच सुस्ती खपते. फळ्यावरचे तेच अक्षर वहीची पाने भरून काढायला लावणे संथ आहे, पण त्यात लेकराच्या गतीचा काहीच संबंध नाही. तो वेळ शिक्षकाला इतर कामासाठी हवा असतो. इंग्रजीच्या तासाला प्रत्येक वाक्याचे मराठी करून फळ्यावर उतरवून देणे हेही संथ आहे आणि त्यातून इंग्रजी येत नाही. उलट काही बदल फार छोटे असतात आणि काम करतात. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते, आणि एरवी गप्प असणारी मुले बोलू लागतात. हे प्रयोग मुलांच्या स्वतःच्या भाषेत, विज्ञानाच्या तासाला झाले होते. ज्या लेकराला प्रश्न आधी मनातल्या मनात तेलुगूत नेऊन उत्तर मराठीत आणायचे आहे, त्याला एक सेकंद म्हणजे काहीच नाही. असा थांबा घेतल्याने तासिकेची जेमतेम दोन-चार मिनिटे जातील. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही, निधीही लागत नाही.

पण पायरीप्रमाणे शिकवल्याने खरेच फरक पडतो का, याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच राज्यातून सुरू होतो. मुंबई आणि वडोदरा येथे २००१ नंतर ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम यादृच्छिक पद्धतीने तपासला गेला. तिसरी-चौथीत मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका तरुणीकडे दिली जात आणि ती त्यांना पायाभूत गोष्टी शिकवी. त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. त्याहून बोलका भाग वेगळाच आहे. ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला, पण वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा फायदा झाल्याचे दिसले नाही. म्हणजे पटसंख्या कमी करून भागत नाही, शिकवणे पायरीवर उतरावे लागते. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे हरियाणात शाळेच्या दिवसातला एक तास राखून तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली, तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनही भाषा सुधारली. बिहारमध्ये तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण शाळेच्या चालू वर्षात दिले, पण वेळ राखून ठेवला नाही. शिक्षक पुस्तकाकडे परतले आणि फरक दिसला नाही. त्याच बिहारमध्ये उन्हाळी सुटीतल्या शिबिरांत मात्र फरक दिसला, कारण सुटीत संपवायला अभ्यासक्रम नसतो. नांदेड-लातूरच्या शिक्षकाला ‘आम्ही प्रशिक्षण दिले, आता तुम्ही करा’ असे सांगणाऱ्यांनी बिहारचा हा निकाल दोनदा वाचावा.

इंग्रजीची गोष्ट थोडक्यात. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. खेड्यातल्या लेकराच्या कानावर इंग्रजी पडते ती त्या एका तासिकेपुरती. घरी नाही, रस्त्यावर नाही. केनियात सरकारी इंग्रजी पाठ्यपुस्तके मुलांना मोफत दिली, तेव्हा सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण बाकीच्यांना पुस्तक वाचताच येत नव्हते. इंग्रजी ही त्यांतल्या बहुतेकांची तिसरी भाषा होती, जशी ती किनवटच्या आश्रमशाळेतल्या कोलामी लेकराची आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीही शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत कोणती भाषा, कोणाची अस्मिता, यावर रान उठले. किती गतीने, हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही.

आता आक्षेप. लातुरात हा मुद्दा काढला की पहिले उत्तर तयार असते: आमचा पॅटर्न बघा. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावाशी जोडलेल्या लातूर पॅटर्नने गुणवत्ता याद्या गाजवल्या, मागास म्हटल्या गेलेल्या भागातून डॉक्टर-इंजिनिअर घडवले, आणि तेही अभ्यासक्रम झपाट्याने संपवून. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण पॅटर्न चालला कशामुळे? अभ्यासक्रम लवकर संपवायचा तो उरलेला वेळ उजळणीला आणि सराव परीक्षांना मिळावा म्हणून. एकाच घटकावर पुन्हा पुन्हा पेपर, त्यातून विद्यार्थी कुठे अडतो याचा शोध, आणि तिथे जादा तास. २४व्या कलमातले दुसरे कर्तव्य लातूरने अकरावी-बारावीत कसून पाळले, असेच खरे तर म्हणायला हवे. शिवाय तिथे येणारा विद्यार्थी दहावीचे गुण पाहून निवडलेला असतो आणि त्याला वाचता येत असते. पहिलीच्या वर्गात प्रवेशासाठी निवड नाही आणि वाचन हेच शिकायचे आहे. पॅटर्नमधला वेग तेवढा उचलून बालवाडीपर्यंत खाली नेला आणि उजळणी वरच ठेवली, ही नक्कल अर्धी झाली. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: पावसाची तारीख कॅलेंडरात असली तरी वाफसा आल्याशिवाय तो तिफण धरत नाही.

दुसरा आक्षेप हुशार मुलांच्या बाजूने येतो. मागच्यांसाठी थांबायचे तर पुढच्यांनी काय करायचे? सगळ्या वर्गाला एकाच संथ गतीने नेले तर हा आक्षेप खराच आहे, आणि म्हणून तसे करू नये. केनियातल्याच आणखी एका प्रयोगात पहिलीच्या तुकड्या सुरुवातीच्या पातळीप्रमाणे पाडल्या, तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही तुकड्यांतली मुले पातळी न पाहता पाडलेल्या तुकड्यांतल्या मुलांपेक्षा पुढे गेली, कारण शिक्षकाला कोणाला उद्देशून शिकवायचे हे कळत होते. यातून तिसरी शंका निघते, की असे गट पाडले की ‘ढ’ हा शिक्का बसतो. बसतो, जर गट वर्षभर तोच राहिला आणि सगळ्या विषयांना लागू केला तर. हरियाणातला गट दिवसातून एका तासापुरता होता. दर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून लेकरू वरच्या गटात गेले, तर शिक्का टिकत नाही. जात किंवा तांडा पाहून गट पडतो आहे का, यावर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागेल. आपल्या गावांत ही भीती काल्पनिक नाही.

शिक्षक सर्वांत कळकळीने विचारतात ते पुढचे. साठ पटापर्यंत कायद्याने दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत एकाकडे दोन इयत्ता, त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. यात प्रत्येकाची गती कशी सांभाळायची? प्रत्येकाची सांभाळताच येणार नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. चाळीस लेकरांच्या चाळीस गती मानायच्या नाहीत. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली तपासणी वाचनाच्या ज्या पायऱ्या मानते, त्या अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट एवढ्याच आहेत, आणि एका मुलाला तपासायला काही मिनिटे लागतात. म्हणजे शाळेत तीन-चार गट. दोन इयत्ता एकत्र असणे इथे अडथळा न ठरता सोयीचे ठरते, कारण अक्षरांवर अडलेले दुसरीचे लेकरू पहिलीच्या गटात विनासायास बसते. बाजूला कुणी ‘खाली बसवला’ म्हणणारे नसते. मोठ्या शहरी शाळेत यासाठी वेळापत्रक फोडावे लागते. तांड्यावरच्या शाळेत वर्ग आधीच एकत्र भरलेला असतो. या तपासणीची गरज किती आहे, हे ‘असर २०२४’ सांगते: ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते, तेव्हा सुधारणा आहेच. तरीही तिसरीच्या दर चार मुलांतली तीन मुले तिसरीचे पुस्तक उघडून बसतात ती नाइलाजाने.

गतीचा हिशोब तासिकेपुरता ठेवला तर या दोन जिल्ह्यांतला मोठा प्रश्न निसटतो. मुखेड, कंधार, जळकोट भागातली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. जी लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांकडे राहतात ती वाचली. जी फडावर गेली त्यांचे दुसरे सत्र बहुतेक संपूर्ण जाते. वार्षिक नियोजन मात्र जूनपासून एप्रिलपर्यंत सलग आखलेले असते, जणू वर्गात रोज तीच लेकरं बसणार आहेत. परतलेल्या लेकराला पुस्तकाचे शेवटचे पान आणि संकलित मूल्यमापनाचा पेपर एकदमच भेटतात. इथे गती बदलणे म्हणजे वर्षाचीच मांडणी बदलणे. वाचनाचा पाया जून ते ऑक्टोबर या पहिल्या सत्रातच जास्तीत जास्त बसवायचा, परिसर अभ्यासाच्या काही तासिका त्यासाठी मोकळ्या करायच्या, आणि परतल्यावर दहा-दहा दिवसांची दाट शिबिरे घ्यायची. अशा छोट्या शिबिरांतून उत्तर प्रदेशात वाचनात मोठी उडी दिसली आहे, तीही एकूण पन्नासेक दिवसांत. नेहमीच्या संथ धारेपेक्षा हे कितीतरी वेगवान आहे. मुलाच्या गतीने जाणे म्हणजे कधीकधी घाईही करणे.

खात्याकडे वळले तर उद्दिष्टे चुकीची नाहीत. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत असे म्हटले आहे. शाळेपर्यंत पोहोचेतो ‘अर्थ समजून’ गळून पडते आणि मोबाइलवरचे स्टॉपवॉच उरते. पाठ संपवण्याच्या घाईची जागा शब्द संपवण्याच्या घाईने घेतली तर देगलूरच्या तेलुगू लेकराला काहीच मिळाले नाही; ते साठ शब्द उच्चारेल आणि गोष्टीत काय झाले ते सांगू शकणार नाही. शिक्षकाला हवी आहे ती लेखी मुभा: पहिली-दुसरीत भाषेचा पाठ लांबला तरी हरकत नाही, मात्र कोणते लेकरू जूनमध्ये कोणत्या पायरीवर होते आणि आज कुठे आहे हे दाखवा. कायद्यात त्याला आधार आहेच, २४व्या कलमातच आहे. अडचण तपासणाऱ्याची आहे. टाचणवही पाच मिनिटांत पाहून सही करता येते. लेकरांच्या पायऱ्या पाहायच्या तर केंद्रप्रमुखाला वर्गात बसून पाच-सहा जणांकडून वाचून घ्यावे लागेल, आणि त्याच्याकडे अशा अनेक शाळा, शिवाय बऱ्याच ठिकाणी शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभार असतो. ती पदे भरल्याशिवाय आणि त्यांच्या कामातला कागद कमी केल्याशिवाय शिक्षकाला ही मुभा मिळणार नाही.